बोरघाटातील कातळ आणि मजुरी

‘घाट’ म्हणजे डोंगर चढून जाण्याची वाट. इंग्रजी दप्तरात मात्र हा शब्द साऱ्या पर्वतरांगेचे नाव होऊन बसला. बोरघाटातील लोहमार्गाविषयीच्या लेखनातही डोंगराचे व चढाचे वर्णन विपुल आढळते. वाट कशी फोडली गेली, हा प्रश्न मागे पडतो.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंते जेम्स बर्कले यांच्या आखणीनुसार १८५६ मध्ये काम सुरू झाले व एप्रिल १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. पावणेसोळा मैलांच्या सुमारास १,८३१ फुटांचा चढ, २५ बोगदे, आणि मध्यंतरी इंजिन दुसऱ्या टोकास जोडून गाडी उलट दिशेने वर नेण्याचे एक स्थानक, असे त्याचे स्वरूप होते.

डायनामाइटचा शोध तेव्हा लागावयाचा होता. बोरघाटातील काळ्या पाषाणात हातांनी छिद्रे पाडावयाची, त्यांत बंदुकीची दारू ठासावयाची व सुरुंग उडवावयाचा, हीच पद्धत होती. लांब बोगद्याच्या माथ्यावरून विहिरी उतरविल्या म्हणजे एकाच वेळी अनेक तोंडांनी खोदता येते. येथे कडेच असे उभे की, बहुतेक बोगदे दोन टोकांकडूनच फोडावे लागले. अरुंद तोंडाशी माणसे तरी किती उभी राहणार? वाया गेलेला दिवस पुढे मजूर वाढवून भरून निघत नसे. त्यातच पावसाळ्यात काम जवळजवळ थांबे.

हे ध्यानात घेतले म्हणजे जानेवारी १८५९ मधील दंगलीचे महत्त्व कळते. थकलेल्या मजुरीवरून ती उसळली, आणि तीही ऐन कोरड्या हंगामात. तिला केवळ शांततेचा प्रश्न मानणे, हे प्रस्तुत लेखकास अपुरे वाटते. मजुरी वेळेवर पोहोचणे हे दारू वेळेवर पोहोचण्याइतकेच बांधकामाचे अंग होते. त्याच वर्षी कंत्राटदार फॅव्हिएल यांनी काम सोडले. त्यांच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल भारतात पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत वारले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी अ‍ॅडमसन व क्लाउझर या व्यवस्थापकांकरवी कंत्राट पुरे केले. १८६१ च्या आरंभी घाटात ४२,००० माणसे राबत होती.

१८६७ च्या पावसाळ्यात या मार्गावरील एक मोठा पूल कोसळला. कातळ फोडून केलेली वाट टिकली होती. ढासळले ते दगडी बांधकाम.