उन्हाळा न पाहता ठेवलेलं नाव

डेथ व्हॅली हे नाव ज्यांनी ठेवलं, त्यांनी तिथला उन्हाळा पाहिलाच नव्हता.

जगातलं सर्वाधिक तापमान नोंदवलं गेलेली जागा म्हणून आपल्याला ही दरी माहीत असते. कॅलिफोर्नियाच्या पूर्व कडेला, नेवाडाच्या सीमेलगत. साहजिकच वाटतं की उकाड्याने माणसं पटापट मेली असणार आणि म्हणून हे नाव पडलं असणार. पण १८४९ साली सोन्याच्या शोधात निघालेला जो तांडा इथे येऊन अडकला, तो आला ऐन डिसेंबरात. तीन वर्षांपूर्वीच डॉनर पार्टी नावाचा तांडा सिएरा नेवाडाच्या बर्फात अडकून निम्मा संपला होता. त्या धास्तीने या लोकांनी उत्तरेची वाट सोडून दक्षिणेची धरली. वाटेत कुणाकडे तरी जवळच्या रस्त्याचा एक नकाशा निघाला. मुख्य तांडा सोडून काही गट त्या नकाशामागे गेले आणि नाताळच्या सुमाराला या दरीत उतरले. समोर पॅनामिंट डोंगरांची भिंत, बैल खंगलेले, गाड्या पुढे जाईनात. काहींनी गाड्याच जाळून त्या जाळावर बैलांचं मांस सुकवलं. दोन कुटुंबं झऱ्याकाठी थांबून राहिली आणि विल्यम मॅनली, जॉन रॉजर्स हे दोन तरुण मदत आणायला पायी निघाले. सुमारे अडीचशे मैल चालून ते वस्तीपर्यंत पोचले, आणि खाणंपिणं घेऊन सव्वीसेक दिवसांनी खरोखर परत आले. मला या सगळ्या इतिहासात हेच दोघं सगळ्यात आवडतात. परत न येण्याची त्यांना सगळी मुभा होती.

दरीत त्या हिवाळ्यात नक्की मेल्याची नोंद एका माणसाची आहे: कल्व्हरवेल. बाहेर पडताना खिंडीतून मागे वळून कुणीतरी या जागेला मृत्यूची दरी म्हणून निरोप दिला आणि नाव चिकटलं. काही आठवड्यांचा मुक्काम, तोही थंडीतला, एक मृत्यू, आणि त्यावरून पाच पिढ्या पुरेल असं नाव. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही व्हेरिएबलला घाईत काहीतरी नाव देतो, मग ते दोनशे फायलींत पसरतं आणि बदलायची कुणाची हिंमत होत नाही. तसंच हे.

मी अकोल्याचा. मे महिन्यात चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंश ही आमच्याकडे बातमी नसते. दुपारी बारा ते पाच घराबाहेर पडायचं नाही, वाळ्याच्या कूलरसमोर आडवं व्हायचं, ताक प्यायचं. त्यामुळे इथल्या ऑफिसातले मित्र जूनमध्ये तिथे जायला नको म्हणत असताना मी थोड्या अकोली माजातच गेलो. फर्नेस क्रीकच्या माहिती केंद्राबाहेर एक मोठा डिजिटल फलक आहे, तापमान दाखवणारा. लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. मी उतरलो तेव्हा तो ५० दाखवत होता. अकोल्यापेक्षा पाचच अंश जास्त, असं डोकं म्हणत होतं. पण आमच्याकडे ऊन डोक्यावर येतं, इथे ते जमिनीतून वर येतं. बुटाच्या तळव्यातून, गाडीच्या दाराच्या कडीतून, चष्म्याच्या काडीतून. १९७२च्या जुलैमध्ये इथल्या जमिनीच्या पृष्ठभागाचं तापमान ९३.९ अंश सेल्सिअस नोंदवलं गेलं आहे. चहाचं पाणी उकळायला उरतात सहा अंश.

हे असं का, याचं उत्तर दगडांत आहे. इथे पृथ्वीचं कवच पूर्व-पश्चिम ताणलं जातंय. ताणलेला पापुद्रा जागोजाग फाटतो. काही ठोकळे कलून वर येतात, त्यांचे डोंगर होतात. मधले खचतात, त्यांच्या दऱ्या. म्हणजे ही दरी नदीने कोरलेली नाही, ती खाली बसलेली आहे आणि अजूनही बसतेच आहे. बॅडवॉटर हा तिचा तळ समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली आहे, आणि समोर वीस-पंचवीस किलोमीटरवर टेलिस्कोप पीक ३,३६० मीटरहून उंच. एकावर एक दोन कळसूबाई रचल्या तरी हा फरक भरून निघत नाही. बॅडवॉटरला उभं राहून मागे वर पाहिलं की काळ्या कड्यावर, मान दुखेल इतक्या उंचीवर, 'समुद्रसपाटी' अशी पांढरी पाटी दिसते. त्या कड्याच्या पायथ्याचे काही खडक पावणेदोनशे कोटी वर्षांच्या आसपासचे आहेत.

पॅसिफिककडून येणारे ढग इथे पोचेपर्यंत एकापाठोपाठ एक डोंगररांगा ओलांडतात आणि प्रत्येक रांग त्यांना पिळून घेते. महाबळेश्वरला धो-धो आणि माणदेशात टँकर, तोच हिशेब, फक्त मधे सह्याद्रीसारख्या तीन-चार रांगा. वर्षाला जेमतेम ५५ मिलिमीटर पाऊस. झाडोरा नाही, ढग नाहीत, म्हणून जमीन सरळ तापते. तापलेली हवा वर चढते, पण दोन्ही बाजूंना उंच भिंती. थोडी निवून ती पुन्हा खाली येते, खाली येताना दाबली जाते आणि दाबामुळे आणखी तापते. त्यामुळे रात्रही सुटका करत नाही. ऐन उन्हाळ्यात कधीकधी पहाटेही पारा ३८च्या वर असतो.

हिवाळ्याची गंमत वेगळीच. रील्समध्ये तुम्ही ते आपोआप सरकणारे दगड पाहिले असतील, मागे लांबलचक रेघ सोडणारे. भुतं, चुंबक, परग्रहवासी, सगळं सांगून झालं होतं. २०१३-१४च्या हिवाळ्यात रिचर्ड आणि जेम्स नॉरिस या दोन चुलत भावांनी ते प्रत्यक्ष सरकताना पाहिले. रात्री उथळ पाण्यावर काचेसारखा पातळ बर्फ धरतो, सकाळी तो फुटतो, आणि हलक्या वाऱ्याने सरकणारे त्याचे पत्रे दगडांना चिखलातून ढकलतात. उकाड्यासाठी प्रसिद्ध असलेल्या जागेतलं हे कोडं बर्फाने घातलेलं निघालं.

या सगळ्या ऋतूंचा हिशेब ज्यांना पाठ होता ते लोक १८४९ साली इथेच राहत होते. टिंबिशा शोशोनी. किमान हजार वर्षांपासून. टिंबिशा हा शब्द दगडापासून केलेल्या लाल रंगाचा, आपल्या गेरूसारख्या मातीचा. दरीलगतच्या डोंगरांत ती मिळते. त्यांच्या लेखी ही गेरूची दरी. उन्हाळ्यात ते तळाला थांबतच नसत. हिवाळा-वसंत खाली झऱ्यांपाशी, ऊन चढलं की पॅनामिंटच्या उंचीवर, जिथे पंधरा-वीस अंशांनी गार असतं. शरदात वर पाइनच्या बिया गोळा करायच्या, चिलगोज्याच्या जातकुळीतल्या. खाली मेस्कीटच्या शेंगा. मेस्कीट म्हणजे आपल्या माळरानांवर माजलेल्या वेड्या बाभळीची सख्खी भावकी. आपण तिला शिव्या देतो. टिंबिशा लोक तिची छाटणी करत, बुंध्याभोवतीची वाळू आणि वाळकं काढत, शेंगा कुटून पीठ साठवत. पन्नास अंशांवरचा त्यांचा उपाय यंत्राचा नव्हता, वेळापत्रकाचा होता.

मग आला टाकणखार. सोनार डाग द्यायला वापरतो तो, आणि आजी लहान मुलाच्या खोकल्यावर ज्याची लाही करायची तो. इंग्रजीत बोरॅक्स. युरोपला हा पदार्थ शतकानुशतकं मिळायचा तो तिबेटच्या सरोवरांतून. मेंढ्यांच्या पाठीवर हिमालय ओलांडून तो हिंदुस्थानात उतरायचा आणि तिथून पुढे जायचा. कच्च्या बोरॅक्सला इंग्रजीत 'टिंकल' म्हणत, तो आपल्या संस्कृत 'टंकण'चाच अपभ्रंश. १८८१ साली ॲरन विंटर्स आणि त्याची बायको रोझी यांना दरीच्या तळाचा पांढरा खार हाच आहे असा संशय आला. त्यावर ॲसिड आणि अल्कोहोल ओतून त्यांनी काडी लावली. ज्योत हिरवी आली, म्हणजे बोरॉन आहे. विल्यम कोलमन नावाच्या व्यापाऱ्याने त्यांचा हक्क २०,००० डॉलरला विकत घेतला आणि १८८३मध्ये हार्मनी बोरॅक्स वर्क्स सुरू झालं.

तिथून मोहावी रेल्वे स्टेशन १६५ मैल. प्रत्येक खेपेला दोन अजस्र गाड्या, मागे पाण्याची टाकी, ओढायला अठरा खेचरं आणि दोन घोडे, प्रवास दहा दिवसांचा. या 'वीस खेचरांच्या' गाड्या सहाएक वर्षंच चालल्या, पण खेचरांचं चित्र बोरॅक्सच्या खोक्यावर छापलं गेलं आणि आजतागायत तिथेच आहे. खार खरवडणाऱ्या चिनी मजुरांचं चित्र मात्र कुठल्याच खोक्यावर आलं नाही. साधारण चाळीस जण, रोजी १.३० डॉलर, त्यातून जेवणाखाणाचे पैसे कापून. अमेरिकेने चिनी मजुरांना देशबंदी केली ती १८८२ साली. आत असलेल्यांना दुसरं काम मिळणं कठीण. हार्मनीचं काम ऐन उन्हाळ्यात बंद असे. कारण वाचून मी फोन खाली ठेवला. उकाड्यात द्रावण पुरेसं निवत नाही आणि बोरॅक्सचे स्फटिक धरत नाहीत, म्हणून. माणसांना सोसत नाही म्हणून नव्हे.

याच बोरॅक्सने पुढे राष्ट्रीय उद्यान घडवलं, ही इतिहासाची तिरकी चाल. 'वीस खेचरं' हा ब्रँड गाजवणाऱ्यांत स्टीफन मॅदर होता, जो नंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याचा पहिला संचालक झाला. खाणी मंदावल्यावर बोरॅक्स कंपनीने १९२७मध्ये फर्नेस क्रीकला आलिशान हॉटेल काढलं. हिवाळ्यात पर्यटक येऊ लागले. मॅदरनंतरचा संचालक होरेस अल्ब्राइट शेजारच्याच खोऱ्यातला. त्याने प्रकरण तडीस नेलं आणि ११ फेब्रुवारी १९३३ला राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी दरी संरक्षित स्मारक म्हणून जाहीर केली. त्या जाहीरनाम्याने टिंबिशांसाठी काहीच राखून ठेवलं नाही. एका सहीने ते आपल्याच गावात उपरे झाले. पुढे त्यांना फर्नेस क्रीकजवळ चाळीस एकरांवर मातीच्या कच्च्या विटांची घरं बांधून मिळाली. पण १९५७मध्ये उद्यान खात्याने धोरण केलं की नवीन माणसाला राहायला द्यायचं नाही आणि रिकामं झालेलं घर पाडायचं. पाडण्याची रीत अशी, की घरावर जोराच्या पाण्याचा पाइप सोडायचा. कच्ची वीट विरघळते. टिंबिशा लोक सांगतात, आम्ही उन्हाळ्यात डोंगरावर गेलो की ही घरं सोडून दिलेली धरली जात.

वर्षाला ५५ मिलिमीटर पावसाच्या गावात पाण्याने घर पाडायचं. शिवाय ज्या ऋतुचक्रामुळे हे लोक हजार वर्षं टिकले, तेच त्यांच्याविरुद्धचा पुरावा ठरलं. घर रिकामं दिसलं म्हणून रिकामं. दरी मेलेली दिसली म्हणून मेलेली.

काही घरांतली माणसं हललीच नाहीत. त्यांतल्या पॉलीन एस्टेव्हेस या बाईंचा जन्म १९२४चा, फर्नेस क्रीकचाच. त्यांच्यासारख्यांनी अर्ज, सुनावण्या, वकील हा रस्ता कित्येक दशकं धरून ठेवला. १९८३मध्ये केंद्र सरकारने जमातीला मान्यता दिली. १९९४मध्ये डेथ व्हॅली पूर्ण दर्जाचं राष्ट्रीय उद्यान झाली, आणि त्याच कायद्यात जमातीच्या जमिनीचा अभ्यास करायचं कलम आलं. सन २०००च्या कायद्याने त्यांना सुमारे ७,७५४ एकर परत मिळाले, त्यातले ३१४ फर्नेस क्रीकला. उद्यानाच्या आत आदिवासींना स्वतःची जमीन परत मिळण्याची उदाहरणं अमेरिकेत फार नाहीत. पॉलीनबाईंचा नावावरचा राग शेवटपर्यंत गेला नाही. मृत्यूची दरी म्हणणं हा त्यांना अपमान वाटायचा. नाव अर्थातच बदललं नाही.

आता त्या आकड्याबद्दल. १० जुलै १९१३, ५६.७ अंश. नोंद झाली ग्रीनलँड रँचवर. वाळवंटाच्या मधोमध ग्रीनलँड, कारण बोरॅक्स कंपनीने तिथे झऱ्याचं पाणी खेळवून लसूणघास पिकवला होता. ते झरे टिंबिशांच्या वस्तीचे. तापमान टिपणारा माणूस शास्त्रज्ञ नव्हता, शेतावरचा मुकादम होता. बराच काळ जागतिक विक्रम लिबियातल्या अल-अझीझियाच्या नावावर होता, १९२२चे ५८ अंश. २०१२मध्ये जागतिक हवामान संघटनेने ती नोंद चुकीची ठरवली आणि मुकुट इकडे आला. काही हवामान-अभ्यासकांना १९१३चा आकडाही पटत नाही, कारण आसपासच्या केंद्रांचे त्या दिवसांतले आकडे त्याच्याशी जुळत नाहीत. लॉगमध्ये असा एकटा उंच बिंदू दिसला तर मी आधी सेन्सर तपासेन, त्यामुळे माझं मत या संशयी लोकांच्या बाजूने आहे. संघटनेने मात्र विक्रम अजून कायम ठेवलाय.

खरं तर वाद आता थोडा बिनमहत्त्वाचा झालाय. २०२०च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये आधुनिक उपकरणांवर ५४.४ अंश आले. २०२४चा जुलै हा इथला आजवरचा सर्वांत उष्ण महिना. रात्र-दिवस धरून सरासरी ४२.५. त्याच्या आधीच्या वर्षी, २० ऑगस्ट २०२३ला, हिलरी वादळाच्या उरलेल्या ढगांनी वर्षाचा पाऊस एका दिवसात टाकला. रस्ते वाहून गेले, उद्यान दोन महिने बंद राहिलं, आणि बॅडवॉटरच्या मिठावर तळं उभं राहिलं. हिमयुगात इथे दीडशे मीटरहून खोल सरोवर होतं, मॅनलीच्या नावाचं, त्याचीच ही पोटरीभर आठवण. फेब्रुवारी २०२४मध्ये पुन्हा पाऊस झाल्यावर लोकांनी त्यात कयाक चालवल्या.

संध्याकाळी साडेसातला फलकावर अजून ४८ होते. रस्त्यापलीकडे, मेस्कीटच्या झाडांमागे टिंबिशांची वस्ती आहे. आत जाऊ नये, ती लोकांची घरं आहेत. बाहेरूनच दिसतं ते असं: थोडी फिरती लाकडी घरं, काही जुनी मातीची, अंगणात खुर्च्या, खिडकीत घरघरणारे कूलर. अकोल्याच्या आमच्या गल्लीसारखेच. एका अंगणात एक म्हातारे गृहस्थ झाडाला पाणी घालत होते.