चांदा मिशन : धर्मगुरूंचा पत्रव्यवहार

चांदा (आजचे चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे) भागातील ख्रिस्ती मंडळ्यांशी संबंध आलेल्या पाळकांनी, मिशनऱ्यांनी आणि बिशपांनी श्रद्धा, उपासना व मंडळीची शिस्त या विषयांवर केलेला लेखी व्यवहार. त्याचा काळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत येतो. ख्रिस्ती धर्मात पत्राला पहिल्यापासून मान आहे. नव्या करारातील २७ पुस्तकांपैकी २१ पत्रेच आहेत आणि त्यांतली कित्येक कुठल्या ना कुठल्या मंडळीतला तंटा निस्तरण्यासाठी लिहिलेली आहेत. चांद्याशी जोडलेल्या पत्रांचीही तीच गत. सुरळीत चाललेल्या कामावर कोणी पानेच्या पाने लिहीत नाही. या पत्रांतला वाद बहुतेक वेळा एकाच प्रश्नापाशी येतो : श्रद्धेच्या बाबतीत शेवटचा शब्द कोणाचा?

पार्श्वभूमी : नागपुरात १८४५ पासून फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप काम करीत होते. चांद्याचे मिशन मात्र स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचे. दोन्ही मंडळ्या स्कॉटलंडच्याच, पण पहिलीला बिशप हे पदच मान्य नाही आणि दुसरीचे बिशपावाचून पान हलत नाही. त्यामुळे चांद्याचे मिशनरी अँग्लिकन धर्मप्रांताच्या व्यवस्थेत आले. १९०३ पर्यंत मध्य प्रांताचा हा भाग थेट कलकत्त्याच्या बिशपांकडे होता. दृढीकरणाचा विधी फक्त बिशप करू शकतो आणि पाळकाला काम करण्याचा परवानाही तेच देतात. कलकत्ता ते चांदा हे अंतर पाहता टपालावर केवढा भार पडत असेल याची कल्पना येते. १९०३ मध्ये आयर चॅटर्टन नागपूरचे पहिले बिशप झाले. त्यांचे ‘द स्टोरी ऑफ गोंडवाना’ (१९१६) हे पुस्तक या मुलखाच्या इतिहासासाठी आजही चाळले जाते. मराठी ख्रिस्ती समाजातल्या जाहीर चर्चेला १८४२ साली अहमदनगरला निघालेले ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक होते. बिशपाशी करायचा वाद मात्र खाजगी पत्रांतून आणि बहुधा इंग्रजीतच चाले.

नेहेम्या गोऱ्हे : चांदा मिशनमध्ये काही काळ काम केलेले सर्वांत विद्वान नाव नीलकंठशास्त्री (नेहेम्या) गोऱ्हे (१८२५–१८९५) यांचे. काशीत वाढलेले हे चित्पावन शास्त्री १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले आणि १८७० मध्ये त्यांना पुरोहितपदाची दीक्षा मिळाली. ‘षड्दर्शनदर्पण’ हा त्यांचा खंडनग्रंथ प्रसिद्ध आहे, परंतु पत्र हा प्रकार त्यांच्या स्वभावाला अधिक मानवत असावा. ब्राह्मसमाजीयांना उद्देशून त्यांनी लिहिलेले प्रदीर्घ पत्र १८६७ मध्ये छापले गेले. समोर कोणी एक माणूस आहे, त्याची शंका अमुक आहे आणि तिचे उत्तर तमुक, अशी त्यांची मांडणी असते. ती पूर्वपक्ष–उत्तरपक्षाच्या शास्त्रीय वळणाची आहे. पाद्री झाले तरी काशीचा शास्त्री सुटला नव्हता.

गोऱ्ह्यांच्या युक्तिवादाचा सर्वांत दूरवर गेलेला परिणाम चांद्यात नव्हे, इंग्लंडात दिसला. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. आपल्याला ख्रिस्ती मताची खात्री पटण्यात गोऱ्ह्यांच्या लिखाणाचा वाटा मोठा होता, हे रमाबाईंनी स्वतः नमूद केले आहे. पुढच्या दोन-तीन वर्षांत वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डिन, चेल्टनमच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील आणि इतरांशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो मराठी माणसाने ख्रिस्ती सिद्धांतांवर केलेल्या वादाचा सर्वोत्तम नमुना म्हणावा लागेल. त्रैक्य, कुमारीच्या पोटी झालेला जन्म, अथेनेशियसचा मतांगीकार यांवर त्या प्रश्न विचारतात, आणि माझी सदसद्विवेकबुद्धी मी कोणाच्या हवाली केलेली नाही असे सांगतात. वाद नुसता तात्त्विकही राहत नाही. अंडी घातलेले गोड पदार्थ त्या खात नसत, तर सिस्टर जेराल्डिन यांना त्यात जातीचा अभिमान दिसे. क्रुसावर लॅटिन शब्द कशाला, हिंदुस्थानी बायकांना ना ती भाषा येते ना तिच्यात काही खास पावित्र्य आहे, संस्कृत का नको, असे रमाबाई विचारतात. चेल्टनमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यात तर मुंबई व लाहोरच्या बिशपांनीही विरोधी मत दिले. एका विधवेच्या शिकवणीवर दोन बिशपांनी पत्रे खर्ची घालावीत, यावरून त्या काळातल्या मंडळीची नाडी कळते.

वुड–एल्विन प्रकरण (१९३२–३५) : चांद्याशी निगडित असा हा सर्वांत गाजलेला वाद. अलेक्झांडर (अ‍ॅलेक्स) वुड यांची मिशनरी म्हणून कारकीर्द चांद्यात घडली. १९१९ मध्ये ते छोटा नागपूरचे आणि १९२६ मध्ये चॅटर्टन यांच्यानंतर नागपूरचे बिशप झाले. पुढे चॅटर्टन यांनीच त्यांचे चरित्र लिहिले. त्यात वुड मिशनरी, शिकारी आणि परोपकारी अशा तिन्ही रूपांत भेटतात. दुसऱ्या बाजूला व्हेरियर एल्विन (१९०२–१९६४). हे बिशपाचे चिरंजीव, ऑक्सफर्डचे अव्वल पदवीधर आणि दीक्षित पाद्री. जॅक विन्स्लो यांच्या ख्रिस्त सेवा संघात सामील होऊन ते १९२७ अखेर पुण्याला आले, गांधीजींच्या सहवासात काँग्रेसचे पाठीराखे झाले, आणि जानेवारी १९३२ मध्ये शामराव हिवाळे या मराठी सहकाऱ्यासह मंडला जिल्ह्यातील करंजिया या गोंड गावी जाऊन राहिले. करंजिया नागपूरच्या धर्मप्रांतात मोडत होते.

दीक्षा मिळालेली असली तरी ज्या धर्मप्रांतात काम करायचे तिथल्या बिशपांचा परवाना लागतो. एल्विन यांनी तो मागितला. वुड यांनी सम्राटाशी राजनिष्ठेची शपथ घ्या म्हटले. एल्विन यांनी नकार दिला आणि परवानाही अडला. मौज अशी की हिंदुस्थानातील अँग्लिकन मंडळी १९३० सालीच कायद्याने चर्च ऑफ इंग्लंडपासून वेगळी झाली होती. मंडळी सुटली, पण शपथ सुटली नव्हती. शपथेमागे आणखी खोल मतभेद होता. गोंडांना ख्रिस्ती करणे हे आपले काम असे एल्विन मानत नव्हते. शाळा, दवाखाना, कुष्ठरोग्यांची शुश्रूषा आणि शेजारी म्हणून राहणे, एवढेच त्यांना पुरेसे वाटे. ज्याची उमर चांद्यात सुवार्ता सांगण्यात गेली त्या बिशपाला हे पटणे शक्य नव्हते.

या वादात वुड यांना बहुधा खलनायक ठरवले जाते, ते न्याय्य नाही. सुवार्ता सांगणार नाही म्हणणाऱ्याला पुरोहिताचा परवाना का द्यावा, हा त्यांचा प्रश्न त्यांच्या पदाला धरून होता. शपथेचा हट्ट मात्र निव्वळ राजकीय. दोन गोष्टी एकत्र बांधल्यामुळे मूळ धर्मशास्त्रीय मुद्दा झाकला गेला आणि सारा प्रकार सरकारधार्जिणा बिशप विरुद्ध गांधीवादी पाद्री असा रंगला. इंग्लंडहून परतण्यासाठी एल्विन यांना १९३२ मध्ये सरकारला राजकारणापासून दूर राहण्याची लेखी हमी द्यावी लागली होती, त्यामुळे हा रंग आणखी गडद झाला. येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी १९३३ मध्ये एल्विन यांची समजूत घातली, ती अशी की बिशपांचे बोलणे मनाला लावून घेऊ नये, आणि उपदेशाला कोणाच्या व्यासपीठाची गरज नाही. सांत्वन म्हणून हे पत्र सुंदर आहे, पण अँग्लिकन पुरोहिताची अडचण त्याने सुटत नव्हती. प्रभुभोजनाचा विधी एकट्याच्या हृदयात होत नाही, त्याला मंडळी आणि तिची मान्यता लागते. १९३५ मध्ये एल्विन मंडळीतून बाहेर पडले.

पुढे ते मानववंशशास्त्रज्ञ झाले. बस्तरच्या मारियांवरचे (१९४३) आणि मुरियांच्या घोटुलावरचे, म्हणजे तरुणांच्या सामूहिक निवासावरचे (१९४७) त्यांचे ग्रंथ गडचिरोलीच्या अभ्यासकालाही टाळता येत नाहीत, कारण इंद्रावतीच्या अलीकडचे भामरागडचे माडिया हे मारियांचेच भाऊबंद आणि घोटुल (गोटूल) इकडेही आहे.

बल्लारपूरचा धर्मप्रांत : कॅथलिक बाजूला पत्रव्यवहाराचा विषय वेगळा होता. ३१ मार्च १९६२ रोजी नागपूरच्या लॅटिन महाधर्मप्रांतातून चांद्याचा भाग वेगळा काढून तो केरळच्या पौर्वात्य परंपरेतील सिरो-मलबार मंडळीकडे सोपवण्यात आला. केरळबाहेर त्या मंडळीला मिळालेले हे पहिले मिशनक्षेत्र. १९७७ मध्ये त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. बिशपपीठ कागदगिरणी व कोळशाच्या बल्लारपुरात आहे. जानुआरिउस पालतुरुत्ती हे पहिले बिशप. १९९९ मध्ये यातूनच आदिलाबादचा धर्मप्रांत निघाला. मुद्दा होता विधीपरंपरेचा. एकाच देशात लॅटिन आणि सिरो-मलबार अशा दोन परंपरांचे बिशप असतील तर केरळातून नोकरीसाठी आलेले कॅथलिक कोणाचे, आणि नव्याने बाप्तिस्मा घेणारा कोणत्या परंपरेत जाणार? हिंदुस्थानातील बिशपांनी रोमशी वर्षानुवर्षे यावर लिखापढी केली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २८ मे १९८७ च्या पत्राने, जिथे गरज असेल तिथे पौर्वात्य परंपरांना आपल्या लोकांची काळजी वाहण्याचा अधिकार मान्य केला. पुढच्याच वर्षी मुंबईजवळ कल्याणचा सिरो-मलबार धर्मप्रांत स्थापन झाला. चांद्यात जे १९६२ मध्ये होऊन गेले होते, त्याला शहरात पोचायला २६ वर्षे लागली.

प्रोटेस्टंट बाजूचा बिशप असावा की नसावा हा जुना तिढा २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच सुटला. त्या दिवशी सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. कोणाची दीक्षा खरी हा प्रश्न बाजूला ठेवून सर्वांनी परस्परांवर हात ठेवले. चांद्याची एपिस्कोपल परंपरा आणि हिस्लॉप यांची प्रेस्बिटेरियन परंपरा त्यानंतर एकाच नागपूर धर्मप्रांतात आल्या.

उपलब्धता : रमाबाईंची पत्रे सिस्टर जेराल्डिन यांनी जमवली. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला तो संग्रह महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. वुड यांच्याशी झालेल्या वादाची हकिगत एल्विन यांच्या आत्मचरित्रात आहे. ते १९६४ मध्ये निघाले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते वाचताना ही एका पक्षाची कैफियत आहे हे ध्यानात ठेवावे आणि शेजारी चॅटर्टन यांनी लिहिलेले वुड यांचे चरित्र उघडून ठेवावे.