तेरची रंगकुंडे आणि सूक्ष्मकणांचे विज्ञान : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

धाराशिव जिल्ह्यातील तेरणाकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील या नगरातून भडोच बंदराकडे विपुल कापड जात असल्याची नोंद आहे. येथील उत्खननात कापड रंगविण्याची कुंडेही आढळली. अशा पुराव्यांवरून ‘प्राचीनांना नॅनो तंत्रज्ञान अवगत होते’ असे म्हणण्याचा मोह होतो. त्याची छाननी करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

रंगद्रव्य आणि कण

पारंपरिक रंगकामात निळीचे उदाहरण बोलके आहे. नीळ पाण्यात विरघळत नाही. आंबवण्याच्या क्रियेतून तिचे विद्राव्य रूप तयार होते व ते धाग्यात शिरते. कापड हवेत धरताच ऑक्सिजनमुळे अविद्राव्य निळे कण धाग्यातच अडकून बसतात. शाईसाठी धरलेल्या काजळीतील कार्बनचे मूळ कणही नॅनोमीटरच्या, म्हणजे मीटरच्या अब्जांशाच्या मापात मोजावे लागतात. अर्थात सूक्ष्मकण निर्माण होत होते. परंतु त्यांचा आकार मोजणे व तो ठरवून राखणे शक्य नव्हते.

आधुनिक टप्पा

सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे द्रवास माणकासारखा लाल रंग येतो, हे १८५७ साली मायकेल फॅरडे यांनी मांडले. ‘नॅनो तंत्रज्ञान’ ही संज्ञा नोरिओ तानिगुची यांनी १९७४ मध्ये योजली. अठराव्या शतकारंभी बर्लिन येथे तयार झालेला ‘प्रशियन निळा’ हा मूळचा चित्रकारांचा रंग. १९८७ साली ब्राझीलमधील गोयानिया येथे किरणोत्सारी सीझियमची बाधा झालेल्यांना तोच औषध म्हणून देण्यात आला. कारण तो आतड्यात सीझियम धरून ठेवतो. गेरूप्रमाणेच लोहाच्या ऑक्साइडपासून बनलेले, परंतु नॅनोकणरूप असलेले फेरुमॉक्सिटॉल २००९ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंडाच्या दीर्घ विकारातील रक्तक्षयासाठी मान्य झाले. काजळीचेच औद्योगिक रूप असलेला कार्बन ब्लॅक आज टायर व छपाईच्या शाईत वापरला जातो.

निष्कर्ष

कण घडणे आणि कण हेतुपूर्वक घडविणे यांतील अंतर हेच या विज्ञानाचा इतिहास होय. तेरच्या रंगाऱ्यांचे कौशल्य हात, डोळा व सराव यांतून आलेले होते; त्याच्या गौरवासाठी आधुनिक संज्ञेची उसनवारी नको. केवळ कुंड पाहून त्यातील रंग कळत नाही. त्यासाठी अवशेषांची रासायनिक तपासणी हवी. इतिहास व रसायनशास्त्र या विभागांनी ती एकत्र हाती घेणे, हाच त्या कारागिरांचा यथार्थ सन्मान ठरेल.