कुंपणाआडचं झाड

माँट्रियलच्या उपनगरांत घरामागे सीडरचं कुंपण नसलं तर अंगण उघडं पडल्यासारखं वाटतं. थंडीत मेपलची पानं झडतात आणि शेजाऱ्याच्या खिडकीतून आपलं जेवणाचं टेबल सरळ दिसायला लागतं. सीडर मात्र उणे तीस अंशांतही हिरवागार. घर घेतल्यावर मीही दोन-दोन फुटांवर रोपं लावली. हेतू एवढाच, की कुणाला आत दिसू नये.

खरं तर हा सीडर नव्हेच. खरा सीडर म्हणजे आपला हिमालयातला देवदार. हा आहे थुजा. शाळेत असताना वहीत 'विद्या' म्हणून मोरपंखीची डहाळी जपली असेल, तर याच्या चुलत भावंडाला तुम्ही ओळखता. लिनिअसने १७५३ साली दोघांनाही थुजा हेच आडनाव दिलं होतं. मोरपंखीचं पुढे बदललं.

या झाडाची गोष्टही एका कुंपणापासूनच सुरू होते.

१५३५ सालच्या हिवाळ्यात फ्रेंच दर्यावर्दी झाक कार्तिए आजच्या क्वेबेक शहराजवळ अडकला. नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत त्याची जहाजं बर्फात गोठून होती. ११० पैकी बहुतेक माणसांना स्कर्व्ही झाला. हिरड्या सडल्या, पाय सुजून काळे पडले, पंचवीस जण मेले. पलीकडे स्टाडाकोना हे मूलनिवासींचं गाव होतं. आपण किती दुबळे झालोय हे त्यांना कळलं तर ते हल्ला करतील, ही कार्तिएची भीती. म्हणून कुणी गावकरी जवळ आला की आतले आजारी लोक काठ्या-दगड आपटून काम जोरात चालू असल्याचा आवाज करायचे.

एक दिवस त्याला गावप्रमुख डोनाकोनाचा मुलगा डोमागाया ठणठणीत चालताना दिसला. दहा-बारा दिवसांपूर्वी त्यालाही हाच आजार होता. बरा कसा झालास, असं कार्तिएने विचारलं. पण माझा एक नोकर आजारी आहे, अशी थाप मारूनच. डोमागायाने दोन बायकांना सोबत धाडलं. त्यांनी 'अनेडा' नावाच्या झाडाच्या नऊ-दहा फांद्या आणल्या, साल आणि पानं उकळून काढा कसा करायचा ते दाखवलं. आठवडाभरात खलाशांनी एक अख्खं मोठं झाड संपवलं आणि बरे झाले. अनेडा म्हणजे नेमकं कोणतं झाड यावर वाद आहे. काही जण बाल्सम फर म्हणतात, पण बरेच अभ्यासक याच थुजाकडे बोट दाखवतात. त्याच्या पानांत क जीवनसत्त्व असतं. (घरी करून बघू नका, त्यात थुजोन नावाचं विषही असतं.)

याची परतफेड कार्तिएने मे १५३६ मध्ये केली. डोनाकोना, डोमागाया आणि इतर, असे एकूण दहा जण त्याने फ्रान्सला नेले. प्रमुखांना तर दगा देऊन पकडलं होतं. एक मुलगी सोडता सगळे काही वर्षांत तिथेच मेले. परत कुणीच आलं नाही.

झाड मात्र तिकडे रुजलं. फोंतेनब्लोच्या शाही बागेत ते वाढलं आणि त्याला नाव मिळालं 'जीवनवृक्ष'. ज्यांनी जीव वाचवला त्यांची नावं मागे पडली. औषधही विसरलं गेलं. १६०४-०५च्या हिवाळ्यात शाँप्लँ राहत होता त्या वसाहतीतल्या ७९ पैकी ३५ जणांना स्कर्व्हीनेच नेलं. स्टाडाकोनाची वस्ती तोवर नाहीशी झाली होती. अनिशिनाबे लोकांसाठी मात्र सीडर आजही चार पवित्र वनस्पतींपैकी एक आहे.

आज इथल्या नर्सरीत खूप खपणारी 'स्मारागड' ही जात डेन्मार्कमध्ये तयार झालेली. म्हणजे इथलं झाड युरोपात जाऊन, सरळसोट कुंपण होऊन परत आलं.

माझी मधली दोन रोपं पहिल्याच हिवाळ्यात गेली. जमीन गोठलेली असते तेव्हा मुळांना पाणी ओढता येत नाही, आणि ऊन-वारा पानांतला ओलावा शोषत राहतो. थंडीआधी भरपूर पाणी घालून वर गोणपाट गुंडाळायचं असतं. मी आळस केला. वाळून तपकिरी झालेल्या भागाला पुन्हा पालवी फुटत नाही.

वसंतात नवी रोपं आणणार होतो. पण त्या फटीतून शेजारच्या आजी रोज सकाळी 'बाँझूर' म्हणतात. एकदा माझा खोकला ऐकून त्यांनी तिथूनच सूपचा डबा पुढे केला. मी बरं नाही हे त्यांना सांगितलं नव्हतं.

ती जागा मी तशीच ठेवली आहे.