देवळालीचा ताप
मायदेशी परतण्यासाठी जहाजाची वाट पाहत देवळालीच्या लष्करी छावणीत थांबलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या चमत्कारिक किंवा बेभान वर्तनास सैनिकी बोलीत मिळालेले नाव. इंग्रजीत ते ‘डूलाली टॅप’ असे रूढ झाले. ‘डूलाली’ हा देवळाली या ग्रामनामाचा अपभ्रंश असून ‘टॅप’ हा शब्द ज्वर या अर्थाच्या ‘ताप’ किंवा ‘तप’ या हिंदुस्थानी शब्दावरून आलेला आहे. फ्रेझर व गिबन्स यांच्या सैनिकी शब्दांच्या कोशात (१९२५) या संज्ञेची नोंद आढळते. पुढे ‘टॅप’ हे पद गळून पडले आणि ‘डूलाली’ हा एकटा शब्द ‘वेडसर’ या अर्थाने इंग्रजीत शिल्लक राहिला. मराठीत ‘ताप’ म्हणजे ज्वर तसाच त्रासही. इंग्रजीत गेलेल्या शब्दात मात्र त्रासाची ही छटा उरली नाही. मानसशास्त्राच्या प्रास्ताविक अभ्यासक्रमात शिकविल्या जाणाऱ्या बहुतेक मूलसंकल्पना या एका ऐतिहासिक प्रसंगाला लावून पाहता येतात. वर्तनाला नाव देणे आणि वर्तनाचे स्पष्टीकरण करणे यांतील भेदही त्यातून स्पष्ट होतो.

स्थळ व छावणी : देवळाली हे मुंबईकडून येणाऱ्या लोहमार्गावर नाशिक रोडच्या लगत अलीकडचे स्थानक होय. नाशिक रोड व देवळाली यांची नगरपालिका एकच होती. १९८२ मध्ये नाशिक महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा ती तीत विलीन झाली. देवळालीची लष्करी छावणी १८६१ मध्ये वसविण्यात आली. थळ घाटातील लोहमार्ग १८६५ मध्ये सुरू झाल्यावर मुंबई बंदराशी तिचा थेट संबंध जुळला आणि इंग्लंडहून येणाऱ्या व तेथे परत जाणाऱ्या पलटणींचे ते विसाव्याचे ठिकाण बनले. सैनिकांची ने-आण करण्यासाठी क्रोकोडाइल, युफ्रेटीस, जमना, मलबार व सेरापिस ही पाच खास जहाजे १८६० नंतरच्या दशकात बांधण्यात आली. तांबड्या समुद्रातील उन्हाळा टाळण्यासाठी सैनिकी जहाजांच्या फेऱ्या सामान्यतः हिवाळ्याच्या महिन्यांतच होत. १८७० च्या कायद्याने ब्रिटिश सैन्यात अल्पमुदतीची भरती सुरू झाली व मुदत संपून परतणाऱ्यांची संख्या वाढली. हंगामातील शेवटचे जहाज निघून गेल्यावर ज्याची मुदत संपे, त्यास पुढील हंगामापर्यंत, म्हणजे कित्येक महिने, थांबावे लागे.

या प्रतीक्षेचे उत्तम वर्णन फ्रँक रिचर्ड्‌स या साध्या शिपायाच्या ओल्ड सोल्जर साहिब (१९३६) या आठवणींच्या पुस्तकात मिळते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो हिंदुस्थानात होता. त्याच्या सांगण्यानुसार मुदत संपलेल्या सैनिकांजवळ शस्त्रे वा सरंजाम नसे. अधूनमधून सामानाची तपासणी आणि क्वचित एखादी कूच एवढेच काम असे. वेळ जाता जात नसे. नोकरीच्या साऱ्या काळात ज्यांचे वर्तन निष्कलंक होते, अशांपैकीही काहींच्या हातून येथे गंभीर गुन्हे घडले व मायदेशाऐवजी त्यांना आधी तुरुंगाची वाट धरावी लागली. काहींना गुप्तरोग जडले. ‘डूलाली टॅप’ हा वाक्प्रचार या कंटाळवाण्या मुक्कामातून निघाला असावा, असे त्याने म्हटले आहे.

नाम व स्पष्टीकरण : अमका विचित्र का वागतो, तर त्याला देवळालीचा ताप आहे, आणि त्याला तो ताप आहे हे कशावरून, तर तो विचित्र वागतो. असे चक्राकार उत्तर हे स्पष्टीकरण नव्हे. या तर्कदोषाचे दुसरे प्रसिद्ध उदाहरणही लष्करातलेच आहे. चार्ल्‌स मायर्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९१५ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात ‘शेल शॉक’ ही संज्ञा वापरली. तोफगोळ्याच्या स्फोटाचा मेंदूस बसलेला धक्का, असा तिचा अर्थ घेतला गेला. परंतु स्फोटाच्या जवळपासही नसलेल्या सैनिकांत तीच लक्षणे दिसू लागली. अखेर १९१७ मध्ये ब्रिटिश लष्कराने आघाडीवरील रुग्णांसाठी तिचा वापर थांबवून ‘निदान न झालेला (मज्जाविषयक)’ अशी तटस्थ नोंद करण्यास सांगितले. मानसिक विकृतींच्या आधुनिक वर्गीकरणात निरीक्षणक्षम लक्षणांवर भर असतो, त्यामागे अशा अनुभवांचा वाटा आहे.

शारीरिक कारणे : मानसिक कारणांकडे वळण्यापूर्वी शारीरिक कारणांचा विचार करावा, हा अपसामान्य मानसशास्त्राचा पहिला नियम होय. हिवताप मेंदूत शिरला असता रुग्ण भ्रमिष्टासारखा बरळतो. हिवतापाच्या प्रसारातील डासाचा वाटा रॉनल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे १८९७ मध्ये उजेडात आणला. उपदंशाच्या शेवटच्या अवस्थेत येणारा सार्वदेहिक पक्षाघात उन्मादासारखा दिसतो. अशा रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू असल्याचे नोगुची व मूर यांनी १९१३ मध्ये सिद्ध केले. उष्माघात व अतिमद्यपान यांचीही यात भर पडते. तेव्हा ‘डूलाली’ या एका शब्दाखाली अनेक वेगवेगळ्या अवस्था एकत्र आल्या, हे उघड आहे.

हवामान व तुलनेची पद्धती : उष्ण कटिबंधातील ऊन गोऱ्या माणसाच्या मज्जासंस्थेस मानवत नाही, ही समजूत त्या काळी दृढ होती. चार्ल्‌स वुड्रफ या अमेरिकन लष्करी वैद्याने १९०५ मध्ये या विषयावर ग्रंथच लिहिला. वैज्ञानिक पद्धतीनुसार कोणताही घटक कारण ठरविण्यासाठी तो घटक बदलून, इतर परिस्थिती शक्य तितकी समान ठेवून तुलना करावी लागते. बदलणाऱ्या घटकास स्वतंत्र चल व त्यानुसार बदलणाऱ्या वर्तनास अवलंबी चल म्हणतात. देवळालीची तुलना देवळालीशीच करता येते. समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून अधिक उंचीवरील या गावाची कोरडी, थंड हवा आरोग्यदायक मानली जाई. मुंबईच्या पारशी व गुजराती कुटुंबांनी येथे आरोग्यभवने व बंगले बांधले. आजारातून उठलेली माणसे येथे हवापालटासाठी येत. म्हणजे ज्या हवेत मुंबईकर बरे होत, त्याच हवेत सैनिक बिघडत. ही तुलना प्रयोगाइतकी काटेकोर नाही. कारण दोन गटांत वय, वंश व जीवनक्रम यांचे अंतर होते. तथापि केवळ हवेवर ठपका ठेवता येत नाही, इतके तीवरून दिसते. दोन गटांतील एक ठळक भेद असा, की हवापालटासाठी आलेला मनुष्य स्वेच्छेने येई व स्वेच्छेने जाई; सैनिकास यांपैकी कोणतीच मुभा नव्हती.

प्रेरणा व उद्दीपन : यर्क्स व डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून असे दाखविले, की अवघड काम शिकताना उद्दीपन मध्यम असेल तेव्हा प्रगती सर्वांत चांगली होते, फार तीव्र उद्दीपनाने ती खालावते. पुढे डॉनल्ड हेब यांनी या विचाराची दुसरी बाजू पुढे आणली : अत्यल्प उद्दीपनही तितकेच घातक असते. माँट्रिऑल येथील मॅक्‌गिल विद्यापीठात त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तरुण विद्यार्थ्यांना दिवसाला वीस डॉलर देऊन, डोळ्यांवर धूसर आवरण व हातांवर वेष्टने घालून नुसते पडून राहण्यास सांगितले होते. फारच थोड्यांना हे दोन-तीन दिवसांहून अधिक सोसले. अनेकांची एकाग्रता ढासळली, तर काहींना भास होऊ लागले. देवळालीच्या छावणीत वेदनांचा असा संपूर्ण अभाव अर्थातच नव्हता. पण कवायत, पहारा व मोहीम यांनी भरलेले आयुष्य एकाएकी रिकामे झाल्यावर खळबळ ओढवून घेण्याची प्रवृत्ती का बळावते, हे या संकल्पनेने समजते.

वैफल्य : ध्येयाकडे जाणाऱ्या वर्तनात अडथळा आला म्हणजे वैफल्य निर्माण होते. प्राणी ध्येयाच्या जितका जवळ जातो, तितकी त्याची प्रवृत्ती तीव्र होते, हे तत्त्व क्लार्क हल यांनी १९३२ मध्ये मांडले. देवळालीतील सैनिकाची मुदत संपलेली होती आणि बंदर आगगाडीने सुमारे १८० किमी. वर होते, अडथळा येथेच आला. डॉलर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये वैफल्यातून आक्रमकता उद्‌भवते असे प्रतिपादन केले. त्यांपैकी मिलर यांनी १९४१ मध्ये त्यास मुरड घातली : आक्रमकता ही वैफल्याच्या अनेक संभाव्य प्रतिक्रियांपैकी एक होय. छावणीत कोणी मारामारी करी, कोणी मद्याकडे वळे, कोणी अबोल होई. हे वैविध्य मिलर यांच्या दुरुस्तीशी अधिक जुळते.

अध्ययन व नियंत्रण : पलटणीत वर्तन व त्याचे फळ यांचे नाते नेमके ठरलेले असते, चांगल्या वर्तनास बढती व बिल्ला, तर चुकीस शिक्षा. वर्तनानंतर मिळणाऱ्या व ते वर्तन दृढ करणाऱ्या फळास प्रबलन म्हणतात आणि प्रबलन थांबले, की शिकलेले वर्तन हळूहळू विलोप पावते. देवळालीत चांगले वागल्याने जहाज लवकर येत नसे. मार्टिन सेलिग्मन व स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून ‘अध्ययनजन्य असहायते’ची संकल्पना पुढे आणली. ज्या कुत्र्यांना विद्युत्-धक्के थांबविता येत नव्हते, त्यांतील बरेच पुढे सुटकेचा मार्ग मोकळा असूनही निमूट पडून राहिले. २०१६ मध्ये याच संशोधकांनी मज्जाविज्ञानाच्या आधारे आपले मत पालटले : दीर्घ आघातात निष्क्रियता ही मूळची प्रतिक्रिया असून परिस्थिती आपल्या हाती आहे ही जाणीवच शिकावी लागते. म्हणून शिस्तीत मुरलेला सैनिकही नियंत्रण गमावताच कोलमडे, यात त्याच्या शीलाचा दोष पाहणे युक्त ठरत नाही.

ताण : हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये निरनिराळ्या आघातांना शरीर देत असलेल्या समान प्रतिसादाचे वर्णन केले. रिचर्ड लाझारस यांनी १९६६ मध्ये त्यास मानसिक बाजू जोडली : प्रसंग स्वतः किती बिकट आहे यापेक्षा व्यक्ती त्याचा अर्थ कसा लावते आणि त्यास तोंड देण्याचे सामर्थ्य आपल्यात आहे असे तिला वाटते की नाही, यांवर ताण अवलंबून असतो. बारा वर्षे ऊन, रोग व लढाया सोसलेला मनुष्य काही महिन्यांच्या आरामाने ढासळतो, हे कोडे या दृष्टीने उलगडते.

गुणारोपण : फ्रिट्‌स हायडर (१९५८) व ली रॉस (१९७७) यांच्या कार्यातून असे दिसून आले, की दुसऱ्याच्या वर्तनाचे कारण शोधताना मनुष्य त्याच्या स्वभावास वाजवीपेक्षा अधिक व परिस्थितीस कमी महत्त्व देतो. देवळालीच्या बाबतीत दोष सैनिकाच्या डोक्यावर किंवा गावाच्या हवेवर गेला. जहाजांचे वेळापत्रक आखणारी व्यवस्था त्यातून सुटली. पुढे हा शब्द विनोदाचा विषय झाला. बीबीसीची १९७४–८१ या काळातील इट एन्ट हाफ हॉट, मम ही विनोदी दूरचित्रवाणी मालिका देवळालीच्याच छावणीत सुरू होते. विनोदामुळे नाव टिकले. त्यामागील यातना मात्र विस्मृतीत गेल्या.

अध्ययनातील महत्त्व : नाशिक येथील हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय १९२४ मध्ये सुरू झाले. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर नाशिक जिल्हा त्याच्या कक्षेत आला. त्या विद्यापीठात प्राध्यापक कोठुरकर यांच्या नेतृत्वाखाली १९५० मध्ये प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग उघडला गेला व प्रयोगावर आधारलेल्या मानसशास्त्रास या भागात स्थान मिळाले. परीक्षेसाठी प्रबलन, वैफल्य, उद्दीपन, ताण यांच्या व्याख्या स्वतंत्रपणे पाठ केल्या जातात. प्रत्यक्ष जीवनात हे घटक सुटे आढळत नाहीत. एकाच मनुष्याच्या एकाच दिवसात ते एकत्र काम करतात. कोणत्या वर्तनास कोणती संकल्पना लागू पडते, कोणती पडत नाही आणि तुलनेवाचून काय म्हणता येणार नाही, हे ठरविता येणे हीच त्या व्याख्या समजल्याची खूण होय. नाशिक रोडच्या विद्यार्थ्यास त्यासाठी दूर जावे लागत नाही. मुंबईच्या वाटेवरील पहिल्याच स्थानकाच्या नावात असे उदाहरण साठलेले आहे. ब्रिटिश पलटणी गेल्या. स्वातंत्र्यानंतर देवळाली हे भारतीय तोफखान्याच्या प्रशिक्षणाचे प्रमुख केंद्र बनले. इंग्रजी भाषेत मात्र या गावाचे नाव वेडाचा पर्याय म्हणून अद्याप वापरले जाते. गावाच्या हवेशी त्या अर्थाचा संबंध नाही. तो आहे अनिश्चित काळ ताटकळत ठेवलेल्या माणसांशी.