जात्यावरचा पाऊस

बीड जिल्ह्यात ओवीची दोन घराणी नांदली. एक अंबाजोगाईचं. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ ओवीत रचला, त्याचं साल परंपरेनं ११८८ सांगतात. पुढे दासोपंतांनी याच गावी कापडाच्या पासोडीवर ओव्या लिहिल्या. दुसरं घराणं वाडीवस्तीवरचं, जात्यापाशी बसणाऱ्या बायांचं. मान पहिल्याला मिळाला, पण थोरलं दुसरंच. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त, म्हणजे ११२९च्या सुमारास, महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. विवेकसिंधूच्या आधी साठेक वर्षं. पोथीतली ओवी मुसळा-जात्यावरच्या गळ्यातून आली, असं अभ्यासक मानतात ते उगाच नाही.

जात्याची खालची तळी हलत नाही, वरची पाळ फिरते. एका हातानं खुंटा ओढायचा, दुसऱ्या हातानं तोंडात ज्वारीची वैरण सोडायची. समोरासमोर दोघी बसल्या तर एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं ती उचलायची. कागदावर ओवी दोन ओळींत आटोपते. गाताना मात्र मधे ‘बाई’ येतं, ‘सांगते तुला’ येतं, अर्धी ओळ पुन्हा वळून येते आणि ओवी दळणाच्या लयीत लांबत जाते. चालीला बाया म्हणतात ‘गळा’. दळण सरलं की गाणंही थांबतं. ऐकणारं कोणी असेल तर घरातली झोपेतली माणसं.

गावोगाव पिठाची गिरणी आली तेव्हा बायांचे हात सुटले, आणि ते चांगलंच झालं. पण दळणाबरोबर गळाही उठला. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी पुण्यात राहून, मुळशीच्या डोंगरी गावांतल्या कार्यकर्त्या बायांना सोबत घेऊन ऐंशीच्या दशकात ओव्या उतरवून घ्यायला सुरुवात केली. संग्रह एक लाखाच्या वर गेला. ओवीसोबत गाणारणीचं नाव आणि गाव लिहिण्याचा त्यांचा शिरस्ता होता. लोकगीत म्हटलं की गाणारीचं नाव गळतं. इथं ते राहिलं.

नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल हे संगणक जाणणारे फ्रेंच संगीत-अभ्यासक या कामात आले आणि ध्वनिमुद्रण सुरू झालं. १९९६ मध्ये ही मंडळी बीड जिल्ह्यातल्या माजलगावला पोचली. तिथल्या भीमनगर वस्तीतल्या बायांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायल्या. ज्या जात्यावर सीता आणि विठ्ठल गायले जात, त्याच जात्यावर भीमराव आले होते. अशी शंभर तासांहून जास्त मुद्रणं जमली. पॉइतवाँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. पुढे ग्रामीण भारताची नोंद ठेवणाऱ्या, पी. साईनाथ यांच्या ‘पारी’ या संकेतस्थळानं हा ठेवा हाती घेतला आणि २०१७ पासून ओव्या पुन्हा लोकांच्या कानी पडू लागल्या. पारीची माणसं माजलगावलाही पुन्हा जाऊन आली.

या ठेव्याकडे सहसा बाईच्या सुखदुःखाचा दस्तऐवज म्हणून पाहिलं जातं. ते खरंच आहे, पण त्यात हवा, माती आणि झाडंही तितकीच आहेत. ती नजरेतून सुटतात, कारण ओवीत निसर्ग सुटा येत नाही, नात्यातून येतो. पाऊस पडतो तो भावाच्या शेतावर. पेरणी साधली तर पीक, पीक आलं तर हाती पैसा, पैसा असला तर भाऊ मुराळी होऊन बहिणीच्या दारी येणार, साडीचोळी होणार. सासरी दळणाऱ्या बाईला पावसाची चौकशी म्हणजे माहेरची चौकशी. बीडमधल्या बालाघाट डोंगरांच्या माथ्यावरच्या कोरडवाहू गावांत पाऊस हुकला की काय होतं, हे कोयता घेऊन ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्यांना सांगावं लागत नाही.

झाडांचंही तेच. वनवासातल्या सीतेच्या ओव्यांत तिचं रडणं ऐकायला माणूस नसतो. बोरी-बाभळी बाया होतात आणि तिची समजूत काढतात. इथं कल्पवृक्ष नाही की कदंब नाही. बांधावर आपसूक उगवणारी, काट्यांची, दुष्काळातही तग धरणारी ही झाडं. सरपण तोडायला जाणारी बाई ज्यांना रोज भेटते, त्यांनाच तिनं सीतेच्या शेजारणी केलं.

पर्यावरणाची गाणी म्हणजे ‘झाडे लावा’ सांगणारी, अशी आपली समजूत झाली आहे. जात्यावरची ओवी उपदेश करत नाही. कोणाचं पोट कोणत्या ढगाला बांधलेलं आहे, एवढं ती नेमकं सांगते. म्हणून या लाखभर ओव्यांत ज्याला मराठी मुलखाचा पाऊस शोधायचा असेल, त्यानं ‘पाऊस’ हे सदर धुंडाळत बसू नये. आधी भावाच्या ओव्या काढाव्यात.