मधुमेहापूर्वीचा इन्सुलिनचा चढ-उतार

मधुमेह म्हणजे इन्सुलिनची कमतरता, अशी ढोबळ समजूत रूढ आहे. बहुधा प्रौढ वयात जडणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाला ती सरसकट लागू पडत नाही. न्यूयॉर्क येथील रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९६०च्या सुमारास किरणोत्सर्गी द्रव्याच्या साहाय्याने रक्तातील इन्सुलिन मोजण्याची पद्धत शोधली. तेव्हा ग्लुकोज दिल्यानंतर अशा अनेक रुग्णांच्या रक्तात निरोगी माणसांपेक्षाही अधिक इन्सुलिन आढळले. या पद्धतीसाठी यालो यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन १९७२ मध्येच निवर्तले होते.

या विरोधाभासाचे मूळ इन्सुलिन-प्रतिरोधात आहे. पोटावरील व यकृतातील चरबी, बैठे काम, वाढते वय आणि आनुवंशिकता यांमुळे स्नायू व यकृत इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देईनासे होतात. मग स्वादुपिंडातील बीटा पेशी जादा इन्सुलिन स्रवून ही तूट भरून काढतात. जोवर हे साधते तोवर रक्तशर्करा जवळपास सामान्य राहते आणि तपासणीत काहीच दिसत नाही.

अमेरिकी संशोधक राल्फ डीफ्रॉन्झो यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानात हा प्रवास एका आलेखातून मांडला. उपाशीपोटीची शर्करा ८० वरून १४० मिलिग्रॅमपर्यंत (प्रति डेसिलिटर) चढताना उपाशीपोटीचे इन्सुलिनही वाढत दुप्पट-अडीचपट होते. शर्करा त्यापुढे गेली की इन्सुलिन वेगाने घसरते. ग्लुकोज प्यायल्यानंतर स्रवणारे इन्सुलिन तर याहूनही आधीच उतरणीला लागते. दमलेल्या हृदयाविषयीच्या स्टार्लिंग यांच्या प्रसिद्ध आलेखाशी असलेल्या साम्यामुळे त्याला ‘स्वादुपिंडाचा स्टार्लिंग-आलेख’ म्हटले जाते.

आलेखाची चढती बाजू पाहून बीटा पेशी धडधाकट आहेत असे मानणे मात्र चुकीचे ठरते. इन्सुलिन किती आहे, यापेक्षा ते समोरच्या शर्करेला आणि प्रतिरोधाला पुरेसे आहे का, हा खरा प्रश्न असतो. शर्करा १५० असताना दुप्पट इन्सुलिनही अपुरेच होय. म्हणूनच केवळ इन्सुलिनचा सुटा आकडा हाती घेऊन निश्चिंत होण्यात अर्थ नाही. ब्रिटनमधील १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या मधुमेह-अभ्यासातील आकडेवारीनुसार, निदान होते त्या दिवशीच बीटा पेशींची सुमारे निम्मी कार्यक्षमता गेलेली असते. २००३ मध्ये अमेरिकेत शवविच्छेदनातील स्वादुपिंडे तपासली असता, उपाशीपोटीची शर्करा नुकतीच बिघडलेल्या स्थूल व्यक्तींमध्येही बीटा पेशींचे आकारमान तशाच स्थूल पण निरोगी व्यक्तींपेक्षा ४० टक्के कमी भरले.

सर्वांत आधी बिघडते ती वेळ. शिरेतून ग्लुकोज देताच पहिल्या दहा मिनिटांत इन्सुलिनची एक जोरकस लाट येते. मागून दुसरी, संथ लाट येते. पहिली लाट यकृताला साखर सोडणे थांबवण्याचा निरोप देते. ती ओसरली की जेवणानंतर शर्करा उंच चढते आणि इन्सुलिन उशिरा, पण अधिक प्रमाणात येते. उपाशीपोटीच्या तपासणीत हा दोष सुटू शकतो. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी शर्करा १४० ते १९९ भरली तर सहनशीलता घटलेली असते. २०० वा अधिक म्हणजे मधुमेह, मात्र लक्षणे नसल्यास फेरतपासणी आवश्यक असते.

भारतीयांत हा प्रवास लवकर सुरू होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले की, लंडनमधील गोऱ्या नवजातांच्या तुलनेत पुण्यातील बाळे वजनाने कमी असूनही त्यांच्या अंगावर प्रमाणाने चरबी आणि नाळेच्या रक्तात इन्सुलिन अधिक होते. शिवाय भारतीयांमध्ये बीटा पेशींची राखीव क्षमताही लवकर खालावताना दिसते.

उतरण अटळ नाही. चेन्नईतील २००६च्या अभ्यासात आहार व चालण्यातील बदलांनी सहनशीलता घटलेल्यांमधील मधुमेहाचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. ब्रिटनमध्ये २०१७ साली, निदानाला सहा वर्षे उलटण्यापूर्वीच वजन कसून घटवण्याचा कार्यक्रम दिलेल्यांपैकी ४६ टक्के रुग्णांची शर्करा वर्षभरात औषधांविना मधुमेहाच्या पातळीखाली आली. ज्यांना हे साधले त्यांच्यात इन्सुलिनची पहिली लाट परतल्याचे २०१८ मध्ये दिसले. वजन तितकेच घटूनही ज्यांना साधले नाही, त्यांचा मधुमेह सरासरीने अधिक जुना होता.